आजोबांनी मोंबासाहून आणलेल्या वस्तू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा मोंबासा बंदरात कारकून होते, १९७९ साली कायमचे पुण्याला परतले, आणि येताना त्यांनी काळ्या लाकडाचं एक उंच शिल्प, एक मुखवटा आणि साधारण चार फुटांची एक कोरीव फळी आणली. मामा सत्तरच्या दशकात नायजेरियात इबादानला नोकरीला होते, त्यांच्याकडून वीतभर उंचीच्या दोन लाकडी बाहुल्या आल्या. आता वाडा पाडायचा आहे, वाटण्या व्हायच्या आहेत. यातलं अस्सल काय, किंमत किती येईल आणि आफ्रिकी कलेचे संग्राहक नेमकं काय बघून पैसे मोजतात, हे तुम्हाला हवं आहे.

मी चोवीस वर्षं लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. त्यातली नऊ वर्षं ब्रुसेल्सला काढली. तिथल्या साब्लाँ भागात आफ्रिकी कलेची दुकानं एकमेकांना लागून आहेत आणि त्यांतल्या वस्तू दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर यायच्या. तुम्ही मागची बाजू, तळ आणि मुखवट्याचा आतला भाग यांचेही फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. वस्तू हातात घेतल्याशिवाय शेवटचा निवाडा देता येत नाही, पण या फोटोंवरून बरंच काही सांगता येतं. नुसते समोरचे फोटो असते तर मी काहीच बोलले नसते.

आधी ‘अस्सल’ या शब्दाबद्दल. बाजारात त्याचा अर्थ ठरलेला आहे: एखाद्या समाजातल्या कारागिरानं त्याच समाजातल्या माणसांसाठी घडवलेली, आणि ज्या कामासाठी घडवली त्या कामात खरोखर वापरली गेलेली वस्तू. विकण्यासाठी केलेली नको. वय यात दुय्यम आहे. १९५० साली कोरलेला आणि वीस वर्षं नाचात मिरवलेला मुखवटा अस्सल धरतात. १९०० साली एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याला भेट द्यायला केलेला धरत नाहीत. ही व्याख्या कामाची आहे, पण मला ती कधीच पुरती पटली नाही. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरच्या सापी कारागिरांनी पंधरावं शतक संपता संपता पोर्तुगीजांच्या मागणीवरून हस्तिदंती मीठदाण्या कोरल्या. त्या सरळसरळ गिऱ्हाइकासाठी केलेल्या होत्या, आणि आज त्या मोठमोठ्या संग्रहालयांची भूषणं आहेत. तेव्हा व्याख्या हाताशी ठेवू, पण तिच्यापुढे डोळे मिटायचे नाहीत.

तुमच्या काळ्या शिल्पापासून सुरुवात करते, कारण ते याच व्याख्येच्या कुंपणावर बसलेलं आहे. एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, एकमेकांना धरून ठेवणारी माणसं, सगळी एकाच ओंडक्यातून काढलेली. हे माकोंडे शिल्प आहे. माकोंडे लोक मूळचे मोझांबिकच्या उत्तरेकडच्या आणि टांझानियाच्या दक्षिणेकडच्या पठारांवरचे. त्यांतले पुष्कळ कारागीर कामाच्या शोधात दार-ए-सलामच्या बाजूला आले आणि १९५० च्या दशकात तिथे शिल्पकलेची एक नवीच तऱ्हा उभी राहिली. तिच्यामागे मोहम्मद पीरा या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याचा मोठा हात होता. समाकी लिकान्कोआ या कारागिराकडून सुरू झाली असं मानतात ती वेड्यावाकड्या भुतांची शैली ‘शेतानी’. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला सैतान आणि हा शेतानी, दोन्ही अरबीतूनच आले. तुमच्याकडची माणसांची उतरंड ‘उजामा’ शैलीची. ज्युलिअस न्येरेरे यांनी टांझानियात सहजीवनाचं जे धोरण आणलं, त्याचंच नाव या शिल्पांना चिकटलं.

ही शिल्पं पहिल्यापासून विक्रीसाठीच होती. त्यामुळे जुन्या वळणाचा संग्राहक त्यांच्याकडे पाठ फिरवतो. पण खोटं यात काही नाही. लाकूडही खरं दिसतंय. स्वाहिलीत त्याला म्पिंगो म्हणतात. आपल्या शिसवाच्याच कुळातलं, डालबर्जिया. चांगल्या क्लॅरिनेटही याच लाकडाच्या करतात. तळाच्या फोटोत कडेला पिवळसर पट्टा दिसतो, तो सालीलगतचा कोवळा भाग आहे. साध्या लाकडाला बूटपॉलिश फासून ‘एबनी’ म्हणून विकलेल्या मालात असा पट्टा सापडत नाही. खाली कारागिराचं नाव किंवा खूण कोरलेली आहे का, ते भिंगातून बघा. नाव मिळालं तर गोष्ट वेगळी. नाही मिळालं तर हे एक देखणं, प्रामाणिक शिल्प आहे, दिवाणखान्यात मानानं ठेवावं असं, पण त्यातून फ्लॅटचा हप्ता फिटणार नाही.

मुखवट्याचं उत्तर याहून छोटं आहे. मागच्या चिठ्ठीवर ‘मसाई’ लिहिलंय. मसाई लोकांमध्ये मुखवटे करण्याची परंपराच नाही. केनियातला असा माल बहुतेक कांबा कारागिरांच्या हातचा असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुतिस्या मुंगे नावाचा एक कांबा माणूस टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, कारागिरांकडून कोरीवकाम शिकून आला आणि त्यातून एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. १९६३ साली मोंबासात या कारागिरांची सहकारी संस्थाही झाली. तुमचा मुखवटा तिथलाच किंवा तशाच एखाद्या दुकानातला असणार.

पण चिठ्ठी नसती तरीही तुमच्या आतल्या बाजूच्या फोटोनं मला हेच सांगितलं असतं. मुखवटा पाहताना मी आधी तो उलटा करते. जो चेहऱ्यावर बांधून घामाघूम होईतो नाचला गेला, त्याच्या आत कपाळ, गालाची हाडं आणि हनुवटी टेकते तिथेच लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालेलं असतं. इतर ठिकाणी वाकसाचे घाव तसेच राहतात. कडेच्या भोकांमधून दोरी ओवलेली असते, ती ज्या दिशेला ओढली जाते त्या बाजूनं भोक झिजून लांबट होतं. तुमच्या मुखवट्याची भोकं अगदी गोल आहेत, ड्रिलनं पाडल्यासारखी, आणि आतून सगळीकडे सारखाच तपकिरी रंग आहे. हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर चढलाच नाही.

शिवाय, मुखवटा म्हणजे नुसतं लाकूड नसतंच. त्याला जोडलेला गवताचा किंवा कापडाचा अंगरखा, ढोल, नाचणारा, बघणारे, आणि कुणी बघायचं नाही याचे नियम, हे सगळं मिळून मुखवटा होतो. बुर्किना फासोतले ब्वा लोक आपले फळीसारखे उंच मुखवटे दर वर्षी धुऊन पुन्हा रंगवत आले आहेत. त्यांना ताजे, झगझगीत रंग हवे असतात. पॅरिसच्या संग्राहकाला तोच मुखवटा विटलेल्या रंगाचा हवा असतो. म्हणजे ज्याला आपण जुनेपणाची शान म्हणतो, ती करणाऱ्यांच्या लेखी हयगय असते. मला वाटतं, या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या वर्षीच हे पचवून घ्यावं.

आता मामांच्या बाहुल्या. त्या बाहुल्या नाहीत.

इबादानच्या बाजूच्या योरुबा लोकांच्या भाषेत त्यांना ‘एरे इबेजी’ म्हणतात. इबेजी म्हणजे जुळं. जुळी जन्मण्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या समाजांत योरुबांची गणना होते. जुळी बाळं मुळात नाजूक. जुन्या काळी त्यातलं एखादं दगावणं नित्याचं होतं. जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला असतो, गेलेलं बाळ मागे राहिलेल्याला बोलावून नेईल, अशी धारणा. म्हणून आईवडील ‘बाबालावो’कडे, म्हणजे इफाचा कौल सांगणाऱ्याकडे जात, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे मूर्तिकाराकडून एक लाकडी मूर्ती करवून घेत. त्यानंतर ती मूर्ती म्हणजेच ते बाळ. घरातल्या बाळाला न्हाऊ घातलं की मूर्तीलाही न्हाऊ, त्याला भरवलं की हिच्या ओठांनाही घास, कापडात गुंडाळून निजवणं, मणी घालणं. आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. पण थोरला केहिंदेच, कारण त्यानं धाकट्याला ‘जग कसं आहे ते चाखून ये’ म्हणून पुढे पाठवलं, असं मानतात. मूर्ती बाळाची असूनही तिला मोठ्या माणसाचं शरीर देतात, उंच केशरचना देतात. जे आयुष्य मिळालं नाही, ते लाकडात पूर्ण करायचं.

तुमच्या दोन्ही मूर्तींचे चेहरे बघा. नाक जवळजवळ सपाट, डोळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या, गालांवरचे समाजचिन्हांचे छेद जेमतेम दिसतात. आणि मूर्ती फिरवली की पाठीवर, मानेखाली, चौथऱ्याच्या मागे कोरीव रेषा अजून धारदार आहेत. आपल्याकडे देवघरातले टाक असेच होतात. पिढ्यान् पिढ्या चिंच-रांगोळीनं घासून खंडोबाचा चेहरा पुसट होतो आणि कडेचा काठ तसाच राहतो. लाकडावर हे घडायला आईचा हात वर्षानुवर्षं फिरावा लागतो. नकली माल करणारा सँडपेपर मारतो, आणि सँडपेपर नाकावर जसा चालतो तसाच पाठीवरही चालतो. माणसाच्या हाताची झीज अशी सगळीकडे सारखी कधीच होत नाही.

मांड्यांच्या आणि काखेच्या खाचांत तांबूस थर दिसतो, ती कॅमवूड नावाच्या झाडाच्या लाकडाची पूड आहे. योरुबात तिला ओसुन म्हणतात. बाळाच्या अंगाला लावतात तीच मूर्तीलाही. हा थर खोलगट भागात जाड आणि उंचवट्यांवर पुसून गेलेला आहे, जसा असायला हवा तसा. उंचवटे गडद आणि खाचा फिकट दिसल्या असत्या तर मी सावध झाले असते.

केसांचा निळा रंग पाहून तुम्ही विचारलंत, ‘हा ऑइलपेंट आहे का, कुणी नंतर फासला का?’ नाही. केसांना पूर्वी तिथे पिकणारी नीळ लावत. नंतर इंग्लंडच्या रेकिट कंपनीची कपड्यांना द्यायची नीळ बाजारात आली, तेव्हा बायकांनी तीच वापरायला सुरुवात केली. आपल्या आज्यांनी धोतरं आणि पांढरी पातळं ज्या निळीत बुडवली, तिचीच ही बहीण. नवखा खरेदीदार हा भडक निळा रंग बघून वस्तू नाकारतो आणि जाणकार त्याच रंगानं खूश होतो. कारण त्यावरून कळतं की मूर्ती एका खऱ्या घरात, खऱ्या बाईच्या हातात होती आणि तिनं त्या दिवशी दुकानात जे मिळालं ते आपल्या बाळाला लावलं.

दोन्ही मूर्तींचे चौथरे, कानांचा आकार आणि केसांची वळणं अगदी सारखी आहेत. माझ्या मते त्या एकाच हातच्या आहेत आणि जोडी म्हणूनच केलेल्या आहेत, म्हणजे त्या घरातली दोन्ही बाळं गेली असावीत. अबेओकुटा, ओयो, इग्बोमिना अशा प्रत्येक भागाची, किंबहुना एकेका कारखान्याची धाटणी वेगळी असते, आणि जाणकार ती ओळखतात. एखाद्या ठरावीक कारागिराचं नाव लागलं की किंमत बदलते. योरुबांमध्येच ओलोवे ऑफ इसे हा मोठा शिल्पकार होऊन गेला. १९३८ साली वारला. त्यानं इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेला दरवाजा १९२४ च्या लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात होता आणि पुढे ब्रिटिश म्युझियमनं तो मिळवला. आफ्रिकी कला म्हणजे निनावी कला, ही समजूत संग्राहकांच्या आळसातून आली आहे. गावात सगळ्यांना कारागिराचं नाव ठाऊक असे. नेणाऱ्यांनी ते विचारलं नाही.

मामांच्या वेळेला अशा मूर्ती मोठ्या संख्येनं बाहेर पडत होत्या. लोक ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले होते, औषधपाणी सुधारलं होतं, आणि पुष्कळ आया लाकडी मूर्तीऐवजी प्लॅस्टिकची बाहुली किंवा जिवंत जुळ्याचा फोटो ठेवू लागल्या होत्या. म्हणून तुमच्याकडे त्या येणं संशयास्पद नाही. बाजारात इबेजी दुर्मीळही नाहीत. चांगल्या झिजेची साधी जोडी युरोपात काही शे ते काही हजार युरोंत जाते. पण एक विनंती आहे. वाटणीत एक तुम्हाला आणि एक मावसभावाला, असं करू नका. जोडी फुटली की किंमत निम्म्याहून खाली येते. आणि पैशांचं सोडा, ज्यांना एकत्र ठेवण्यासाठी एवढा खटाटोप झाला त्यांना आपण तोडू नये.

आणि त्यांना हात लावू नका, म्हणजे स्वच्छ करायला. खोबरेल नको, लिंबू नको, पॉलिश नको, ओला बोळाही नको. हे मी अनुभवानं सांगते. ब्रुसेल्सच्या पहिल्या वर्षी गॅबॉनमधला एक मुखवटा माझ्याकडे आला होता. कानामागे आणि केसांच्या खोबणीत पांढरट थर होता. मी तो धूळ समजून ओल्या कापसानं अलगद पुसून काढला. ती केओलिन होती, पूर्वजांच्या जगाची खूण म्हणून मुद्दाम लावलेली पांढरी माती, आणि मूळ थरातलं तेवढंच काय ते उरलं होतं. माझ्या वरिष्ठांनी फक्त कापसाच्या बोळ्याकडे बघितलं. आजही एखादी वस्तू पुसायच्या आधी माझा हात थांबतो. लाकडाखाली रोज ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळी ठेवा आणि जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. बाकी काही करू नका.

किडीवरून आठवलं. लोक भोकं मोजतात आणि जुनेपणा ठरवतात. कीड लाकडातून बाहेर पडते तेव्हा पृष्ठभागावर गोल भोक दिसतं. पण पृष्ठभागावर लांबट, उघड्या नाल्यांसारखे बोगदे दिसले, तर आधीच किडलेलं लाकूड घेऊन त्यावर कोरलंय असा अर्थ होतो. तडेही तसेच. तड्याच्या आतलं लाकूडही बाहेरच्याइतकंच काळं आणि चकचकीत असेल, तर रंग तडा गेल्यानंतर चढवला आहे. वस्तू जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी, पोटॅशियम परमँगनेट, चुलीचा धूर, चिखलात पुरून ठेवणं, सगळे उपाय चालतात. कांगोकडच्या खिळे ठोकलेल्या ‘न्किसी’ मूर्तींत खिळे बघायचे. तिथे प्रत्येक खिळा म्हणजे एकेक शपथ किंवा एकेक तंटा, वेगवेगळ्या वर्षी ठोकलेला. गंजही वेगवेगळा असतो. एका दुपारी बसून ठोकलेले दोनशे खिळे सारखेच गंजतात.

मग प्रयोगशाळेत का पाठवू नये, असं तुमच्या मुलीनं विचारलंय. लाकडासाठी कार्बन-१४ ची चाचणी असते, पण साधारण १६५० ते १९५० या तीन शतकांत ती फार ढोबळ उत्तर देते, आणि बहुतेक आफ्रिकी लाकडी वस्तू नेमक्या याच काळातल्या. अणुचाचण्यांनंतरचं लाकूड मात्र ती पकडते. म्हणजे अलीकडचा नकली माल उघडा पाडायला उपयोगी, खरा सिद्ध करायला अपुरी. शिवाय ती लाकडाचं वय सांगते, कोरीवकामाचं नाही. भाजलेल्या मातीसाठी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी असते. तिथेही जुने तुकडे जोडून नवी मूर्ती केली, तर नमुना जुन्या तुकड्यातून घेतला की अहवाल छान येतो. तुमच्या वस्तूंवर हा खर्च करू नका.

खरी मोठी किंमत कशानं येते, ते सांगते. दोन वस्तू सारख्याच सुंदर, सारख्याच वापरलेल्या असतील, तर जिची मालकीची साखळी कागदोपत्री मागे जाते ती दहापट महाग जाऊ शकते. कुणी, कुठून, कोणत्या वर्षी आणली. मग कुणाकडे होती. कोणत्या प्रदर्शनात मांडली. पॅरिसमध्ये किचिझो इनागाकी नावाचा एक जपानी कारागीर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकी शिल्पांसाठी लाकडी बैठका करत असे. आज एखाद्या मूर्तीखाली त्याची बैठक निघाली की खोलीतली कुजबुज थांबते. कारण ती वस्तू तेव्हाच पॅरिसमध्ये होती याचा तो पुरावा आहे, आणि तेव्हा नकली माल आजच्याइतका माजला नव्हता. २००६ साली पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात पिएर व्हेरिते यांच्या संग्रहातला गॅबॉनकडच्या फांग लोकांचा एक मुखवटा सुमारे ५९ लाख युरोंना गेला. २०१४ साली न्यूयॉर्कला ‘सिकासोचा उस्ताद’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कारागिराची, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनुफो लोकांची, एक स्त्रीमूर्ती १ कोटी २० लाख डॉलरला गेली. हे आकडे शिखराचे आहेत. त्यांवरून घरच्या वस्तूंचा हिशेब मांडू नका.

पण एक गोष्ट जरूर ऐका. फ्रान्समधल्या एका वृद्ध जोडप्यानं घर आवरताना एक लाकडी मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना दिला. तो फांग लोकांच्या ‘न्गिल’ पंथाचा होता. असे जेमतेम दहाएक मुखवटे जगात माहीत आहेत. नवऱ्याचे आजोबा १९१७ च्या सुमारास गॅबॉनमध्ये वसाहतीचे अधिकारी होते, ही वाट कागदांत सापडली, आणि मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याच मुखवट्याला ४२ लाख युरोंची बोली लागली. जोडपं कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये हरलं. गॅबॉन सरकारनंही दावा लावला होता, तोही फेटाळला गेला. लिलावाच्या दिवशी फ्रान्समधले काही गॅबॉनी लोक सभागृहात उभे राहून ही वस्तू आमची आहे असं ओरडून सांगत होते. मला या प्रकरणात त्या १५० युरोंपेक्षा हे जास्त लागतं.

कारण साखळी मागे नेता नेता आपण पहिल्या कडीपाशी पोहोचतो: ज्यांची होती त्यांच्या हातून ती सुटली कशी? बेनिनच्या, म्हणजे आजच्या नायजेरियात असलेल्या जुन्या राज्याच्या, पितळी शिल्पांचं बघा. इगुन एरोनमवोन या कारागिरांच्या श्रेणीनं ती राजासाठी, मेणाचा साचा वितळवून ओतली. १८९७ साली ब्रिटिश फौजेनं बेनिन नगर लुटलं आणि हजारो वस्तू युरोपभर पांगल्या. त्यानंतरची शंभर वर्षं लिलावाच्या पुस्तिकेत ‘१८९७ मध्ये संपादित’ ही ओळ किंमत वाढवत होती, कारण ती खरेपणाची हमी होती. २०१० च्या डिसेंबरात त्या मोहिमेशी संबंधित कुटुंबाकडचा एक हस्तिदंती मुखवटा लंडनमध्ये विकायला निघाला, अंदाज ४५ लाख पौंडांपर्यंतचा. लोकांनी एवढा विरोध केला की विक्री रद्द करावी लागली. २०२२ साली जर्मनीनं आपल्याकडच्या बेनिन शिल्पांची मालकी नायजेरियाला दिली, त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेनं २९ वस्तू परत केल्या. ओळ तीच, साल तेच, पण आता ती वाचून खरेदीदार मागे सरकतो. इगुन रस्त्यावर त्याच घराण्यांतले ओतारी आजही काम करतात. त्यांचं आजचं काम आजचं म्हणून विकलं, तर ते नकली कसं?

हे सगळं मी तुमच्या चौथ्या वस्तूसाठी सांगितलं. ती चार फुटांची फळी, जी तुम्ही ‘जिन्याखाली पडून असते, बहुधा कुठल्यातरी दाराची असावी’ असं लिहिलीत.

ती दाराची नाही. वरचं चपटं, गोल डोकं, खाली अरुंद पट्टीसारखं शरीर, त्यावर ओळीनं कोरलेले छोटे त्रिकोण, आणि खालचा फूटभर भाग कुजून ओबडधोबड झालेला. तो भाग जमिनीत होता. हा ‘किगांगो’ आहे, अनेकवचन ‘विगांगो’. केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या उत्तरेला मिजिकेंडा लोक राहतात, त्यांतले गिरियामा हे करतात. ‘गोहू’ या मानाच्या मंडळाचा सदस्य वारला की त्याच्या नावानं हा उभा करतात. त्यात त्या माणसाचा आत्मा वसतो. घरचे त्याला कापडाच्या पट्ट्या बांधतात, नैवेद्य ठेवतात. एकदा रोवला की हलवायचा नाही. ऊन-पावसात तिथेच झिजून मातीला मिळायचा.

आपल्याकडे शोधायचा तर मला वीरगळच आठवतो. गावाबाहेरचा वीरगळ कुणी रातोरात उचलून एखाद्या बंगल्याच्या बागेत लावला, तर गावाला काय वाटेल, तसंच हे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत विगांगो मोठ्या प्रमाणावर चोरले गेले आणि मोंबासाच्या दुकानांतून, मुख्यतः अमेरिकेत, विकले गेले. बहुतेकदा विकत नेणाऱ्यांना या चोरीचा पत्ताही नव्हता. मोनिका उडवार्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली एका गिरियामा गृहस्थाचा त्याच्या भावांसाठी उभारलेल्या दोन विगांगोंसह फोटो काढला होता. थोड्याच काळात ते दोन्ही चोरीला गेले. कित्येक वर्षांनी ते अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या संग्रहालयांत सापडले, आणि त्या एका फोटोमुळे ओळख पटली. २००७ साली त्यातला एक गावात परत उभा राहिला, यावेळी लोखंडी पिंजऱ्यात, पुन्हा चोरी होऊ नये म्हणून. डेन्व्हरच्या निसर्ग-विज्ञान संग्रहालयानं ३० विगांगो परत दिले, ते २०१९ मध्ये केनियात पोचले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं आहे. तुमच्या घरातली, बाजाराच्या व्याख्येनं, सर्वांत अस्सल वस्तू हीच. त्या समाजातल्या माणसानं त्या समाजासाठी घडवलेली, खरोखर वापरलेली, विक्रीसाठी मुळीच न केलेली. आणि म्हणूनच ती विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजोबांवर मी कणभरही दोष ठेवत नाही. त्यांनी दुकानात मांडलेली एक सुंदर फळी पैसे मोजून घेतली. पण ती दुकानात येण्याआधी कुणाच्या तरी अंगणातून उपटली गेली होती, एवढं त्या कुजलेल्या टोकावरून नक्की दिसतं.

काय करायचं ते सांगते. किगांगोचे चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. डोक्याचा आणि त्रिकोणांच्या नक्षीचा जवळून काढा, कारण त्यावरूनच कुटुंब ओळखू येण्याची थोडी शक्यता असते. आजोबांच्या ट्रंकेत पावत्या, पत्रं, जुना पासपोर्ट, मोंबासाच्या घरातले फोटो असतील. ज्या फोटोत मागे भिंतीला टेकलेली ही फळी दिसते, तो सोन्यासारखा जपा. हे सगळं जोडून दिल्लीतल्या केनियाच्या उच्चायुक्तालयाला आणि नैरोबीच्या नॅशनल म्युझियम्स ऑफ केनियाला पत्र लिहा. मसुदा करायला मी मदत करीन, त्याचे पैसे घेणार नाही. माकोंडे शिल्प कधी परदेशी पाठवायचं झालं तर डालबर्जियासाठी सायटीसचे, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम आहेत, ते आधी विचारून घ्या. आणि शंभर वर्षांहून जुनी असू शकेल अशी कुठलीही वस्तू पुरातत्त्व खात्याला दाखवल्याशिवाय देशाबाहेर पाठवू नका.

उत्तर येईपर्यंत किगांगो जिन्याखालून बाहेर काढा. आडवा ठेवू नका, कोरड्या भिंतीला उभा टेकवा, खाली जाड सुती कापड घाला. तळाला चिकटलेली माती झाडू नका. ती तिकडची आहे.